फिनिक्समधली दोन कोर्टं

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अमेरिकेत 'स्टेट जज' आणि 'फेडरल जज' असे दोन शब्द सारखे कानावर येतात. स्टेट जज म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीश आणि फेडरल जज म्हणजे हायकोर्टाचा, असं समजायचं का? तिथे खालून वर कसं जातात? आणि एखाद्या न्यायाधीशाचा प्रवास सांगाल का?

मी महाराष्ट्राच्या न्यायिक सेवेत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून लागलो आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो. मुलगी ॲरिझोनात असते. तिच्याकडे गेलो की फिनिक्सच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचं, ही माझी सवय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी 'खालून वर' हे शब्द बाजूला ठेवा, सगळा घोटाळा तिथूनच होतो. आपल्याकडे शिडी एकच आहे. भाडे नियंत्रण कायदा राज्याचा आणि चेक बाउन्सचं कलम १३८ केंद्राचं, पण दोन्हींची फाइल तालुक्याच्या एकाच टेबलावर येते. तिथून जिल्हा, मग हायकोर्ट, मग दिल्ली. अमेरिकेत शिड्या दोन आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची आणि संपूर्ण कोर्टव्यवस्था आहे, आणि तिच्या शेजारी संघराज्याची, म्हणजे फेडरल, वेगळी. घटस्फोट, वारसा, भाडं, अपघात, खून, चोरी, हे सगळं बहुतांशी राज्याच्या कोर्टात चालतं. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त खटले राज्यांच्या कोर्टांतच उभे राहतात. संघराज्याच्या कोर्टात जायला कारण लागतं: संघराज्याचा कायदा, अमेरिकेची राज्यघटना, किंवा दोन वेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांचा मोठ्या रकमेचा वाद.

नावांवर तर अजिबात जाऊ नका. तिकडचं 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' हे फेडरल खटला-न्यायालय. देशभरात अशी ९४ आहेत आणि अख्खं ॲरिझोना मिळून त्यातलं एक. ॲरिझोनाचं 'सुपीरियर कोर्ट' नावाने भारदस्त वाटतं, पण साक्षीपुरावे तिथेच होतात. न्यूयॉर्कमध्ये तर खटले चालवणाऱ्या कोर्टालाच 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात आणि सगळ्यात वरचं ते 'कोर्ट ऑफ अपील्स'. ॲरिझोनाच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द ॲरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाचा. त्यात वॉशिंग्टनला, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला, हात घालता येत नाही.

फिनिक्समध्ये ही दोन्ही कोर्टं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मॅरिकोपा काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सुपीरियर कोर्ट म्हणजे आपल्या जिल्हा कोर्टासारखंच. माणसांची गर्दी, वकिलांची धावपळ, कठड्याशी कुजबुजणारे नातेवाईक. एकदा ज्यूरीसमोर, म्हणजे निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, खटला चालू असताना एका ज्यूररने साक्षीदारासाठी प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला. बेलिफने ती न्यायाधीशांकडे नेली, त्यांनी दोन्ही वकिलांना जवळ बोलावून दाखवली आणि मग प्रश्न स्वतः वाचून विचारला. १९९५ च्या सुधारणांपासून ॲरिझोनात ज्यूरीला हा हक्क आहे. मुंबईच्या १९५९ च्या नानावटी खटल्यातल्या ज्यूरीबद्दल वाचत वाढलेल्या माझ्यासारख्याला ती चिठ्ठी पाहून फार बरं वाटलं.

तिथून थोडं चाललं की संघराज्याचं काचेचं प्रचंड कोर्ट लागतं. त्यावर नाव आहे सँड्रा डे ओ'कॉनर यांचं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीशाचं. गंमत पाहा, त्या संघराज्याच्या खटला-न्यायालयाच्या न्यायाधीश कधीच नव्हत्या. त्यांची उमेदवारी झाली ती आधी सांगितलेल्या, गर्दीच्या, राज्याच्या कोर्टात. म्हणून उदाहरण त्यांचंच देतो.

जन्म २६ मार्च १९३० चा, टेक्सासमधल्या एल पासोचा. वाढल्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या 'लेझी बी' नावाच्या गुरांच्या रँचवर. दीड लाख एकरांहून मोठं रान, सगळं रखरखीत. त्या सात वर्षांच्या होईपर्यंत घरात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. शाळेसाठी एल पासोला आजीकडे राहायचं आणि सुट्टीत रँचवर यायचं. तिथला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतः सांगितलाय. गुरं गोळा करणाऱ्या गड्यांसाठी जेवण घेऊन ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एकटी ट्रक चालवत निघाली. वाटेत टायर बसला. चाकाचे नट हलेनात, तेव्हा ती पान्यावर उभी राहिली, अंगाचं सगळं वजन टाकून ते सैल केले, चाक बदललं आणि उशिरा पोहोचली. वाटलं होतं शाबासकी मिळेल. वडील म्हणाले, उशीर झाला. टायरचं सांगितल्यावर म्हणाले, मग लवकर निघायला हवं होतं. तारखा मागणारे वकील समोर उभे असताना हा प्रसंग मला अनेकदा आठवलाय. पण तेवढ्यासाठी तो सांगत नाही. माणसाची कड घेऊनही सबब मान्य न करणं, हा त्या बाईंचा स्वभाव तिथे घडला.

स्टॅनफर्डला त्या सोळाव्या वर्षी गेल्या. १९५० ला अर्थशास्त्राची पदवी, १९५२ ला कायद्याची. वर्गात विल्यम रेनक्विस्ट होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले. एवढं असून नोकरी मिळेना, कारण मोठ्या फर्म्स बाईला वकील म्हणून घेत नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या एका फर्मने विचारलं, टायपिंग येतं का, सेक्रेटरीची जागा बघता येईल. शेवटी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ काउंटीच्या सरकारी वकिलांकडे त्या गेल्या आणि म्हणाल्या, पगार नको, सेक्रेटरीच्या खोलीत टेबल मिळालं तरी चालेल. तशी सुरुवात झाली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि भारतात स्त्रियांना वकिलीची दारं कायद्याने उघडली १९२३ ला. दुखणं दोन्हीकडे सारखंच होतं.

पुढे नवऱ्याच्या लष्करी नोकरीमुळे जर्मनीत काही वर्षं गेली. परत आल्यावर फिनिक्सच्या मेरीव्हेल भागात एका शॉपिंग सेंटरमध्ये भागीदारीत ऑफिस थाटलं आणि दारात येईल ती केस घेतली. तीन मुलगे झाले, पाच वर्षं घर सांभाळलं, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात नोकरी. १९६९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, रिकाम्या जागेवर नेमणूक झाली. पुढे निवडून आल्या आणि बहुमताच्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमध्ये हे पद मिळालेली ती पहिली बाई.

१९७४ ला त्यांनी राजकारण सोडून न्यायाधीशपदासाठी निवडणूक लढवली. हो, निवडणूक. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत न्यायाधीश मतपत्रिकेवर असतात. टेक्सासमध्ये तर पक्षाच्या नावासकट. काही राज्यांत गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, नेमतो. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिनात विधिमंडळ निवडतं. मिसुरीने १९४० मध्ये वेगळी रीत काढली: समितीने नावं सुचवायची, गव्हर्नरने त्यातलं एक नेमायचं आणि काही काळाने मतदारांनी फक्त 'ठेवा' किंवा 'काढा' एवढंच सांगायचं. ओ'कॉनरबाई सिनेटमध्ये असताना याच पद्धतीच्या बाजूने होत्या. ज्या नोव्हेंबरात त्या निवडून आल्या, त्याच नोव्हेंबरात ॲरिझोनाच्या मतदारांनी मोठ्या काउंटींसाठी आणि अपील कोर्टांसाठी ही पद्धत मंजूर केली.

फेडरल न्यायाधीशाची गोष्ट वेगळी. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट मंजुरी देते आणि मग ती खुर्ची तहहयात. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोगच. घटनेत पात्रताही लिहिलेली नाही, अगदी कायद्याची पदवीसुद्धा नाही. आणि दोन्हीकडे आपल्यासारखी परीक्षा नाही. ओ'कॉनरबाई पहिल्यांदा डायसवर बसल्या तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. मी बसलो तेव्हा सव्वीसचा होतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, ते योग्यच झालं. सव्विसाव्या वर्षी मला कलमं पाठ होती, पण घर कशावर चालतं ते कळत नव्हतं.

१९७५ ते १९७९ ही चार वर्षं त्या मॅरिकोपाच्या सुपीरियर कोर्टात होत्या. चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकतात. माझ्या मते तोच पाया.

त्या काळातली एक हकीकत १९८१ मध्ये वर्तमानपत्रांतून बरीच आली होती. लहान मुलांच्या एका आईने खोटे चेक दिले होते आणि गुन्हा कबूल केला होता. मुलं उघड्यावर पडतील म्हणून ती रडून दया मागत होती. ओ'कॉनरबाईंनी शांतपणे पाच ते दहा वर्षांची शिक्षा सुनावली, आत चेंबरमध्ये गेल्या आणि रडल्या.

यावर लोक दोन टोकांची मतं देतात, निर्दयी होत्या किंवा हळव्या होत्या. त्या खुर्चीत बसलेल्याला दोन्ही पटत नाहीत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याला असताना १३८ च्या केसमध्ये एक बाई आरोपी होती. किराणा दुकान, नवरा वारलेला, घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आलेला. दोनदा तडजोड लिहून दिली, दोनदा मोडली. व्यापारीही काही शेठ नव्हता. त्याचंही उसनवारीवरच चालत होतं. निकालाच्या दिवशी तिच्या कडेवर दीडेक वर्षाचं पोर होतं. मी शिक्षेचा भाग वाचत होतो आणि ते पोर टेबलाच्या कडेला लोंबणारी बस्त्याची लाल फीत ओढत होतं. बेंच क्लार्क हळूच फीत सोडवायचा, पोर पुन्हा धरायचं. तीन महिने साधी कैद आणि नुकसानभरपाई. अपिलासाठी शिक्षा स्थगितीचा अर्ज त्याच दुपारी आला, तो मी मंजूर केला. मग चेंबरमध्ये जाऊन पट्टेवाल्याला सांगितलं, दहा मिनिटं कुणाला आत सोडू नको.

अपिलात माझं निकालपत्र गेलं असेल, पुरावे, उलटतपासणी, रोजनामा, सगळं गेलं असेल. ती लाल फीत त्यात नव्हती. वरच्या कोर्टात फक्त कागद जातो. ज्याने कधी समोर माणूस उभा करून शिक्षा दिली आहे, त्याला कागद वाचतानाही माणूस दिसत राहतो. मी अनेक अपील न्यायाधीश पाहिले आणि हा फरक मला दर वेळी जाणवला.

१९७९ मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी ओ'कॉनरबाईंना राज्याच्या अपील कोर्टावर नेमलं. बॅबिट डेमोक्रॅट, बाई रिपब्लिकन. दोन वर्षांनी, ७ जुलै १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुप्रीम कोर्टासाठी त्यांचं नाव जाहीर केलं. नाव शोधण्याचं काम ज्या ॲटर्नी जनरलकडे होतं, ते पूर्वी त्याच टायपिंगवाल्या फर्मचे भागीदार होते. सिनेटमध्ये मतदान झालं ९९ विरुद्ध शून्य आणि २५ सप्टेंबरला शपथ. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात स्त्री न्यायाधीश यायला १९१ वर्षं लागली होती. तुलनेसाठी सांगतो, मुंबई हायकोर्टात सुजाता मनोहर १९७८ ला आल्या आणि आपल्या सुप्रीम कोर्टात फातिमा बीवी १९८९ ला.

राज्याच्या कोर्टातून थेट वॉशिंग्टन, मधली फेडरल पायरी एकही नाही. याचा परिणाम निकालांत दिसतो. तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी आहात म्हणून दोन निकाल नीट सांगतो.

पहिला १९८३ चा, मिशिगन विरुद्ध लाँग. खड्ड्यात गेलेल्या गाडीची पोलिसांनी झडती घेतली आणि गांजा सापडला. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने झडती बेकायदा ठरवली, पण आधार स्वतःच्या राज्यघटनेचा की अमेरिकेच्या, हे धड सांगितलं नाही. राज्याचा निकाल पूर्णपणे राज्याच्या कायद्यावर उभा असेल तर वॉशिंग्टनला त्यात पडता येत नाही, हे जुनं तत्त्व. ओ'कॉनरबाईंनी लिहिलं की राज्याच्या कोर्टाने तसं निकालात स्वच्छ लिहावं, म्हणजे आम्ही हात लावणार नाही. लिहिलं नाही आणि निकाल संघराज्याच्या कायद्यावर टेकलेला दिसला, तर अधिकार आमचा. काही जण याला राज्यांवरचं आक्रमण म्हणतात. मला ती राज्याच्या न्यायाधीशाने आपल्या जुन्या सहकाऱ्यांना दिलेली किल्ली वाटते. एक वाक्य नीट लिहा आणि तुमचं घर तुमच्या ताब्यात ठेवा. आजही राज्यांची कोर्टं ते वाक्य लिहितात.

दुसरा १९९१ चा, ग्रेगरी विरुद्ध ॲशक्रॉफ्ट. मिसुरीच्या राज्यघटनेप्रमाणे न्यायाधीश सत्तराव्या वर्षी निवृत्त. तिथल्या न्यायाधीशांनी संघराज्याचा वयाच्या भेदभावाविरुद्धचा कायदा पुढे केला. बाईंनी निकाल दिला राज्याच्या बाजूने: आपल्यावर न्याय करणारी माणसं कशी असावीत हे ठरवणं हा राज्याच्या स्वायत्ततेचा गाभा आहे, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यात ढवळाढवळ करायची असेल तर तिने तसं स्पष्ट म्हणावं. स्वतः तहहयात खुर्चीवर बसून हे लिहायचं होतं, आणि त्यांनी लिहिलं.

बाकीचे गाजलेले निकाल तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील. नर्सिंग कॉलेजात पुरुषाला प्रवेश नाकारणाऱ्या मिसिसिपीच्या महिला विद्यापीठाविरुद्धचा १९८२ चा निकाल त्यांचा. २००४ च्या हमदी प्रकरणात, युद्धाची स्थिती म्हणजे नागरिकांच्या हक्कांबाबत राष्ट्राध्यक्षाला दिलेला कोरा चेक नव्हे, हे शब्द त्यांचे. २००० च्या बुश विरुद्ध गोर या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरच्या खटल्यात त्या बहुमतात होत्या. तो निकाल मला पटलेला नाही, आणि कोर्टाने ते प्रकरण हाती घ्यायलाच नको होतं की काय, असं पुढे २०१३ मध्ये त्या स्वतःही बोलून गेल्या.

न्यायाधीशांच्या निवडणुकांबद्दल मात्र त्यांचं मत कधी हललं नाही. २००२ मध्ये मिनेसोटाच्या प्रकरणात त्यांनी वेगळं मत जोडलं: निवडणूक लढवायची तर पैसा लागतो, पैसा देणारे पुढे कोर्टात येतात, आणि निःपक्षपातीपणाचा प्रश्न उभा राहिला तर तो राज्याने न्यायाधीश निवडून देण्याची प्रथा चालू ठेवून स्वतःच ओढवून घेतलेला आहे. स्वतः मतं मागून न्यायाधीश झालेल्या बाईने हे लिहिलंय, म्हणून त्याला वजन आहे.

डेव्हिड सूटर यांचं नावही इथे घ्यायला हवं. न्यू हॅम्पशायरचं सुपीरियर कोर्ट, मग त्या राज्याचं सुप्रीम कोर्ट, १९९० मध्ये काही महिने फेडरल अपील कोर्ट आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन. सिनेटसमोरच्या सुनावणीत ते म्हणाले होते की खटला-न्यायालयात एक शिकलो: कोर्ट कुठलंही असो, आपलं काम संपतं तेव्हा कुणातरी माणसाचं आयुष्य बदललेलं असतं. २००९ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यांच्यानंतर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात राज्याच्या कोर्टात बसलेला एकही न्यायाधीश आलेला नाही. आता वाट बहुधा सरकारी वकिली किंवा फेडरल अपील कोर्टातून जाते. भारतीय वंशाचे श्री श्रीनिवासन आणि अमुल थापर हे असेच सरकारी वकिलीतून थेट फेडरल बेंचवर गेले. फिनिक्समध्येच वकिली केलेल्या रूपाली देसाई २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे ॲरिझोनासह पश्चिमेकडच्या राज्यांच्या, फेडरल अपील कोर्टावर आल्या. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टांवर मात्र राज्याचे न्यायाधीश अजूनही पुष्कळ जातात. तेव्हा तुमच्या प्रश्नापुरतं म्हणायचं तर स्टेट बेंच ही फेडरल बेंचची पायरी आहेही आणि नाहीही. बहुतेक स्टेट जज आयुष्यभर तिथेच राहतात आणि त्यात त्यांना काही उणं वाटत नाही.

१९८८ मध्ये ओ'कॉनरबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांत त्या डायसवर परतल्या. २००५ मध्ये मात्र तहहयात असलेली खुर्ची त्यांनी सोडली, कारण नवऱ्याला, जॉनना, अल्झायमर झाला होता. जागा घेणारा येईपर्यंत, म्हणजे ३१ जानेवारी २००६ पर्यंत, काम करत राहिल्या. जॉन २००९ मध्ये गेले. त्यानंतरही त्या निरनिराळ्या फेडरल अपील कोर्टांत पाहुण्या न्यायाधीश म्हणून बसत होत्या आणि शाळेतल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या ऑनलाइन खेळांचा उपक्रम चालवत होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी पत्र लिहून जाहीर केलं की स्मृतिभ्रंश त्यांनाही झालाय. १ डिसेंबर २०२३ ला त्या फिनिक्समध्येच गेल्या.

फिनिक्सजवळच्या टेम्पीला त्यांचं जुनं घर आहे, कच्च्या मातीच्या विटांचं. मूळ जागा पॅराडाइज व्हॅलीत होती. पाडलं जाणार होतं, तेव्हा लोकांनी विटा उचलून पापागो पार्कजवळ ते पुन्हा उभं केलं. भिंती टिकाव्यात म्हणून नवरा-बायकोने त्यांवर स्वतःच्या हाताने सायविरहित दूध फासलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी चौकशी करायला वॉशिंग्टनहून माणसं आली, तेव्हा त्यांना बाईंनी याच घरात स्वतः केलेलं जेवण वाढलं होतं.